अकरा मेची मोजणी

"उंदीर दाणे खातो, घूस भिंत खाती, आन ह्यो हिंदुराव आमचा बांध खातो! खातो ते खातो, आन विचारलं तर म्हणतो काय, तर ‘बरं’!"

बावड्यापासून दोन कोसांवरच्या त्या वस्तीत रंगुबाईचं हे गाऱ्हाणं सगळ्यांना पाठ होतं. नांगरटीला ते वर यायचं आणि पेरण्या उरकल्या की खाली बसायचं. हिंदुरावाचा ट्रॅक्टर बांधाच्या कडेनं वळला, की बाई गोठ्यातलं काम टाकून कमरेवर हात ठेवून उभी राहायची. फाळ बांधाला लागला की नाही हे इतक्या लांबून कुणाला दिसत नसे, पण बाईला दिसायचं. मग ती सुरू व्हायची. हिंदुराव ट्रॅक्टर बंद करायचा, सगळं ऐकून घ्यायचा, डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घालायचा आणि म्हणायचा, "बरं, वैनी."

झालं, संपलं. त्या ‘बरं’नं बाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. भांडायला माणूस कसा पाहिजे? आपण एक बोललो तर दोन बोलणारा. ह्याच्याशी भांडायचं म्हणजे कापसाच्या गोणीला बुक्क्या घालायच्या. आपलाच हात दुखतो.

रंगुबाईला तोंड होतं आणि त्या तोंडाचा तिला अभिमान होता. शाळा चौथीपर्यंतच झालेली. नवरा साहेबराव कालव्यावर पाटकरी होता. शेतकऱ्यांच्या पाळ्या लावायच्या, दारं उघडायची, मिटायची, हे काम त्यानं जन्मभर केलं. तो जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्यानं त्र्याऐंशी साली घेतलेलं तीन एकर रान बाईनं त्याच्यामागं डोळ्यांत तेल घालून राखलं. "इनाम न्हाय, दान न्हाय, कुणाच्या मेहेरबानीचं न्हाय. आमी इकत घेतलंय," असं ती नवख्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगायची. छप्पन साली तिच्या बापानं दीक्षा घेतली तेव्हा ती चार वर्षांची होती. मान ताठ ठेवून चालायचं, हे तेव्हापासून तिच्या घरात शिकवलेलं.

त्या रानाची पूर्वेची हद्द म्हणजे हिंदुरावाच्या उसाचा बांध. बांधाच्या दोन्ही टोकांना एकेक चुना फासलेला दगड.

यंदा रानडुकरांनी मका लोळवला, म्हणून बाईचा मुलगा सोमनाथ याच्या मनात आलं की तारेचं कुंपण करावं. कुंपण करायचं तर आधी हद्द मोजून घ्यावी. बाईला तेवढंच पाहिजे होतं. चाळीस वर्षांचं गाऱ्हाणं एकदाचं मशीनवर चढवायचं.

शनिवारी, अकरा मेला, बारामतीहून विशाल नावाचा खासगी मोजणीवाला आला. मतदान होऊन चारच दिवस झालेले, सगळ्यांच्या बोटांवर शाई अजून काळीभोर. विशालनं गाडीतून एक उंच काठी काढली. काठीच्या टोकाला पालथ्या वाटीसारखं पांढरं यंत्र. ते यंत्र आभाळातल्या उपग्रहांशी बोलतं आणि काठी जमिनीवर नेमकी कुठं टेकली आहे ते सांगतं, असं सोमनाथनं आईला समजावलं. नकाशावरचे आकडे त्यात भरले, की हद्द कुठून जाते ते काठीच दाखवते.

बघायला चार-पाच जण जमले. दूध डेअरीचा महिपती आला. उसाला पाणी पाजायला आलेला हिंदुराव फावडं टेकून आपल्या बाजूला उभा राहिला.

विशालनं काठी टेकवली, हातातल्या खोक्याकडं बघितलं, काठी उचलली, परत टेकवली. पाऊण तास हेच चाललं.

"काय रं, काठी लावतोस का मोजतोस?" बाईनं विचारलं.

"आज्जी, मशीन आज फिक्स हुईना. फ्लोटवरच थांबतंय."

"मराठीत बोल."

"म्हंजी वरनं खबर येती, पण पक्की येत न्हाय. काठी हितं हाय का दोन फूट पलीकडं, ते मशीनलाच ठरवता येईना. सकाळपासनं असंच चाललंय. मी सोमवारी परत येतो. दोन दिवसांनी काय फरक पडतोय?"

"व्हय का? दोनदा चहा पिलास, बशीतली बिस्किटं संपवलीस, आन आता मशीन रुसलं? उन्हाला भ्यालास म्हण की सरळ! बारामतीच्या पोरांना आता छत्री धराया माणूस लागतो का रं? आमचे मालक उन्हात चार मैल पाट चालायचे, त्यांना कवा फ्लोट झाला न्हाय."

सगळे हसले. विशालच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो खाली मान घालून पुन्हा काठी टेकवू लागला, आणि खोक्यानं जे आकडे दिले ते त्यानं घेतले. त्या आकड्यांवर पांढऱ्या फक्कीची रेघ मारत तो बांधाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला.

रेघ बांधावर पडलीच नाही. ती बांधाच्या पलीकडं, हिंदुरावाच्या उसाच्या पहिल्या सरीतून गेली. ह्या टोकाला दोन फूट आत, त्या टोकाला साडेतीन.

बाईचा चेहरा दिवाळीसारखा उजळला. तिनं शाईचं बोट हिंदुरावावर रोखलं. आजवर ती त्याला अहो-जाहो करायची, त्या दिवशी तेही राहिलं नाही.

"बघ! चाळीस वरसं मी म्हणत व्हते तर म्हातारीला येड लागलं म्हणत व्हता सगळे. आता मी न्हाय म्हणत, आभाळातनं सांगावा आलाय! दगड सरकवलास व्हय रं? माझा मालक गेल्याव सरकवलास का त्याच्या डोळ्यादेखत? आता तरी बोल!"

हिंदुरावानं फक्कीच्या रेघेकडं पाहिलं. मग दगडाकडं पाहिलं. मग तो बाईच्या तोंडाकडं पाहत राहिला. जरा जास्तच वेळ पाहत राहिला. तिच्याकडून काहीतरी ऐकायचं आहे आणि ती ते आता सांगेल, असा.

त्याच वेळी रंगुबाईला कोळसा आठवला.

त्र्याऐंशी साली साखळी टाकून मोजणी झाली, तेव्हा दगड पुरायच्या आधी साहेबरावानं खड्ड्यात कोळसा टाकला होता. जुन्या माणसांची रीत ती. लाकूड कुजतं, खुंटी मोडते, कोळसा शंभर वर्षं जमिनीत तसाच राहतो. पुढंमागं कुणी दगड हलवला, तर खणून बघायचं: कोळसा जिथं, हद्द तिथं. खड्डा खणला होता तरण्याताठ्या हिंदुरावानं. आणि कोळसा पाटीत भरून आणला होता रंगुबाईनंच, तिच्या चुलीतला. दोन घरांच्या तीन माणसांनी पुरलेला तो साक्षीदार. त्यातला एक माणूस गेला होता. दोघं बांधाच्या दोन बाजूंना उभी होती.

खणून बघू, एवढे दोन शब्द बोलायचे होते. पण रेघ तिच्या मनासारखी पडली होती. चार माणसं तिच्या बाजूनं हसत होती. बाईनं तो कोळसा गिळला.

"बरं, वैनी," हिंदुराव म्हणाला. त्यानं टोपी काढून पुन्हा घातली आणि फावडं खांद्यावर टाकून तो निघून गेला.

एवढ्यावर बाई थांबली असती तरी निभावलं असतं. रविवारी सकाळी ती स्वतः किटली घेऊन डेअरीत गेली. एरवी दूध सोमनाथची बायको मेघना घालायची. साडेसहाची वेळ, सगळी वस्ती रांगेत. हिंदुराव काट्यावर कॅन ठेवत होता, तोच बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "महिपती, ह्यांचं दूध नीट मोज रं बाबा. ह्या माणसाच्या हाताला सरकवायची सवय हाय. बांधचोराचं काय सांगावं, कॅन बी सरकवंल!"

हसू फुटलं. महिपती तोंड फिरवून हसला. हिंदुरावानं दुधाची पावती घडी घालून खिशात ठेवली आणि कुणाकडं न बघता तो बाहेर पडला. दुसऱ्या दिवसापासून डेअरीत त्याची बायको जयवंता येऊ लागली.

त्यानंतर दोन दिवसांनी बाईनं आपल्या अंगणातून पाहिलं. हिंदुराव आणि जयवंता बांधाकडची सरी तोडत होते. आडसाली ऊस, दहा महिन्यांचा, मनगटाएवढा जाड झालेला. अजून पाच महिने उभा राहिला असता तर कारखान्याला गेला असता. नवराबायको खाली वाकून एकेक ऊस तोडत होती आणि म्हशींपुढं टाकायला मोळ्या बांधत होती. फक्कीच्या रेघेपर्यंत सगळं साफ केलं. मग हिंदुरावानं मोकळ्या पट्टीतलं पाचट गोळा केलं, जमीन हातानं सारखी केली आणि तो घरी गेला.

बाईला वाटलं होतं, तो भांडेल, पोरगा यशराजला पुण्याहून बोलवेल, दुसरी मोजणी मागेल. तो भांडला असता तर तिला झोप लागली असती. ती सुनेवर उगाच डाफरू लागली. सोमनाथला म्हणाली, "तार आण की! बसलायस काय?" सोमनाथ म्हणाला, "आणतो," आणि आणली नाही. दोन जेवणं तिनं अर्ध्यावर टाकली आणि भाकरी कच्ची आहे म्हणून सांगितलं.

बुद्धपौर्णिमा तेवीस तारखेला होती. आदल्या दिवशी दुपारी नात आली, सोमनाथची मुलगी ज्योत्स्ना. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करून ती मुंबईकडं एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करत होती. कशात, ते आजी गावात ऐटीत सांगायची: "आभाळातल्या विजेत." पाऊस नसतानाची वीज, हे मात्र तिलाही कळलेलं नव्हतं.

ज्योत्स्नानं हातपाय धुतले, बांधाकडं पाहिलं आणि विचारलं, "हिंदुराव आबांनी उसाची सरी का तोडली?"

रंगुबाईनं मोठ्या तोऱ्यात सगळं सांगितलं. फक्की, रेघ, डेअरी. कोळसा सोडून सगळं. ज्योत्स्ना ऐकत होती आणि तिचा चेहरा उतरत होता.

"मोजणी कुठल्या तारखेला झाली म्हणालीस, आज्जी?"

"अकरा. शनिवार."

"सकाळी?"

"धा-अकराच्या सुमाराला. का गं?"

ज्योत्स्ना मोजणीचा कागद घेऊन बसली. मग तिनं पिशवीतून एक वही काढली. गेल्या दिवाळीत तिनं संस्थेचं एक यंत्र आणून दोन दिवस विहिरीच्या कठड्यावर ठेवलं होतं, आणि आजीनं "विहिरीला मोबाइल घेतलाय" म्हणून तिची चेष्टा केली होती. त्या दोन दिवसांचे आकडे वहीत होते. कागदावरही विहिरीचा कोपरा मोजलेला होता. तिनं दोन्ही आकडे पुन:पुन्हा ताडून पाहिले.

"आज्जी, ह्या कागदावर आपली विहीर जागची अडीच फूट हललीय."

"काय बोलतीस?"

"पश्चिमेला सरकलीय. हिंदुराव आबांनी बांध खाल्ला म्हणतेस ना? मग विहीर पण त्यांनीच उचलून ठेवली का? काँक्रीटच्या कठड्यासकट?"

सोमनाथ हसला आणि आईचं तोंड बघून थांबला.

ज्योत्स्नानं मोबाइलवर एक फोटो दाखवला. काळ्या डोंगरांवर लालभडक आभाळ. "हे लडाख. दहा तारखेच्या रात्रीचं. आग न्हाय ही. सूर्याकडनं आलेलं वारं हाय."

"सूर्य काय वारं सोडतो?"

"रोज सोडतो. बारीक कणांचं, विजेनं भारलेलं. आपल्या पृथ्वीला चुंबकाचं कुंपण हाय, त्यामुळं ते बाजूनं निघून जातं. पण त्या दोन-तीन दिवसांत सूर्यावरनं मोठमोठे लोट सुटले, एकाच्या मागं एक. त्या लोटांबरोबर त्यांचं स्वतःचं चुंबक येतं. ते आपल्याच्या उलट्या तोंडाचं असलं, की कुंपणाचं दार उघडतं. आजोबा पाटाचं दार उचलायचे ना, तसं. मग सगळी शक्ती आत. वीस वर्षांत एवढं मोठं वादळ झालं नव्हतं."

"आत म्हंजी कुठं?"

"आधी ध्रुवाकडं. तिथं वर विजेचा ताण पडतो. आणि तो ताण जरा वेळात आपल्या डोक्यावर पण पोचतो."

"ध्रुव कुठं आन बावडा कुठं!" बाई फणकारली.

"मोटर चालू केली की काय होतं? पाइप आधीच भरलेला असला, तर शेवटच्या टोकाला हिसका लगेच बसतो. नदीचं नवं पाणी तिथं पोचायची वाट बघत न्हाय. तसंच हे. आपल्या वर, दोनशे-तीनशे किलोमीटरवर, उन्हानं सुट्या झालेल्या विजेच्या कणांचा थर हाय. ताणाचा हिसका बसला की तो थर वर उचलतो, खाली दबतो, नुसता हेंदकाळतो. मी तेच मोजते, आज्जी. माझं कामच ते. आणि उपग्रहाची खबर त्याच थरातनं खाली येते. तो हलत असला की खबर उशिरा येते, वाकडी येते. मशीनला वाटतं काठी भलतीकडंच हाय."

रंगुबाईला अर्धं समजलं, पण जे समजलं त्यानं छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं. चूक सूर्याची! तिनं पदरानं तोंड पुसलं.

"मग मला कशाला बघतीस अशी? सूर्यानं घोटाळा केला. मी काय सूर्याला जाऊन सांगितलं व्हतं?"

"पण मशीनवाल्याला कळायला पाहिजे होतं. तसे आकडे घेत न्हाईत." ज्योत्स्नानं कागदावरचा नंबर लावला आणि फोन मोठ्या आवाजावर टाकला.

विशालनं लगेच ओळखलं. "मॅडम, त्या दिवशी मशीन फ्लोटवर होतं. मी म्हणालो होतो, सोमवारी येतो. पण आज्जी म्हणाल्या..." तो अडखळला.

"काय म्हणाल्या?"

"जाऊ द्या, मॅडम. मोठ्या माणसांचं काय. चूक माझीच. मी आकडे घ्यायला नको होते. चारचौघांत हसले सगळे, म्हणून घेतले. उद्या-परवा येऊन नीट मोजून देतो."

फोन बंद झाला. ज्योत्स्नानं वही मिटली. सोमनाथ पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरू लागला; त्या दिवशी तोही हसला होता. मेघनानं चुलीकडं तोंड केलं. एरवी ह्या घरात गप्प बसण्यावरून रंगुबाई सगळ्यांना धारेवर धरायची. आज तिला ती शांतता मोडवेना.

"परवा नको," ती उठली. "कुदळ आण, सोमनाथ."

"कशाला?"

"आण म्हणते तर."

ऊन उतरलं होतं. बाई बांधावरून पुढं, मागं मुलगा आणि नात. ह्या टोकाच्या दगडापाशी ती बसली आणि कुदळ तिनं स्वतःच घेतली. सोमनाथनं हात पुढं केला तर तिनं त्याला कोपरानं ढकललं. दगडाभोवतीची माती ढिली केली, मग दोघांनी मिळून दगड आडवा पाडला. खालची माती काळसर होती. बाईनं हातानं चाळली. वीतभर खाली बोटांना खडबडीत लागलं.

कोळसा. बाभळीचा, बोटाएवढे तुकडे, एका तुकड्याला अजून सालीचा आकार. दगडाच्या बरोबर पोटाखाली, ना इंचभर इकडं, ना तिकडं.

"हे काय, आज्जी?"

रंगुबाईनं तो तुकडा तळहातावर धरला. तिचा तळवा काळा झाला. "माझ्या चुलीतला," ती म्हणाली. आणि मग तिनं आपल्या नातीला, जिला ती आजवर फक्त शहाणपण सांगत आली होती, न विचारता सांगून टाकलं, "मला त्या दिवशीच आठवला व्हता. रेघ मारून झाली तवाच. ते माझ्या तोंडाकडं बघत हुबे व्हते. त्यांना बी आठवला असणार. मी सांगंल म्हणून वाट बघत व्हते."

"मग त्यांनी का न्हाय सांगितलं?" सोमनाथ म्हणाला. "एक शब्द टाकला असता तर आपण तवाच खणलं असतं."

"त्यांनी कशाला सांगायचं?" बाई खेकसली. "ज्या घरासंगं कोळसा पुरला, त्याच घरापुढं आपल्या खरेपणासाठी खड्डा खणायचा? तू खणला असतास?"

कोळसा तिनं परत खड्ड्यात ठेवला. दगड उभा करून माती दाबली. सोमनाथ आणि ज्योत्स्ना घराकडं गेले तरी ती तिथंच बसून राहिली. समोर हिंदुरावाच्या रानातली ती मोकळी पट्टी होती, हातानं सारखी केलेली.

तिला माहेरचं एक आठवत होतं. ती सात-आठ वर्षांची असेल. मळ्यातल्या एका मोठ्या घरचं बैलाचं दावं हरवलं. त्या घरच्या धन्यानं तिच्या बापाला चावडीसमोर उभं केलं आणि सगळ्या गावादेखत चोर म्हटलं. आठ दिवसांनी दावं त्यांच्याच भुसकटात सापडलं. मग तो धनी एकदा संध्याकाळी गोठ्यामागं बापाला गाठून हळू आवाजात म्हणाला, चूक झाली बरं का. बाप म्हणाला, "बरं, मालक." रंगुबाई बापाचा हात धरून उभी होती. चोर म्हणताना चावडी, आणि चोर नाही म्हणताना गोठ्यामागचा अंधार, हे तिनं त्या वयातही ध्यानात ठेवलं होतं. त्या माणसाला ती पुढं साठ वर्षं मनातल्या मनात शिव्या देत आली. आज त्याचा चेहरा तिला नीट आठवेना. त्या जागी दुसराच चेहरा येत होता, कपाळावर गोंदण असलेला, आणि तो तिला आरशातून चांगला ओळखीचा होता.

घरी आल्यावर ज्योत्स्ना म्हणाली, "आज्जी, मी सकाळी जाऊन आबांना समजावून सांगते. वादळाचं, मशीनचं. त्यांना कळेल. तुला यायची पण गरज न्हाय."

"तू काय बी सांगायचं न्हाय," बाई म्हणाली. तिनं राखेनं हात घासले. काळं बऱ्यापैकी निघालं, रेषांमधलं राहिलं.

पौर्णिमेच्या सकाळी विहारासमोर मोठं पातेलं चढवलं होतं. दर वर्षी रंगुबाई खिरीचे तांदूळ निवडायची आणि दर वर्षी खिरीचं दूध हिंदुरावाच्या घरून यायचं. साहेबराव असल्यापासूनची ती पद्धत. यंदा ते येणार नाही हे सगळ्यांनी धरलं होतं, म्हणून सोमनाथ बावड्याहून पिशव्यांचं दूध घेऊन आला होता. बाई चटईवर बसून तांदूळ निवडत होती; खडे हाताला लागत होते आणि सुटून जात होते.

कॅनचं झाकण वाजलं. तिनं वर पाहिलं. जयवंता उभी होती. डोक्यावरचा पदर नीट करत, बाईच्या डोळ्याला डोळा न देता ती म्हणाली, "बाई, दूध ठेवलंय. धा लिटर हाय. त्यांनी सांगितलं, काय बी असू दे, खिरीचं दूध चुकवायचं न्हाय."

"ते कुठं हायती?"

"डेअरीत. आज मी हिकडं आले म्हणून गेलेत."

रंगुबाईनं सूप खाली ठेवलं. पांढऱ्या लुगड्यावरचा कोंडा झटकला. "ज्योत्स्ना, तांदूळ बघ. न्हाय, तू बी चल. सोमनाथ, तू बी. हसताना हुतास, आता बी ऱ्हा."

डेअरीत रांग होती तशीच होती. हिंदुराव शेवटी, भिंतीला लागून उभा होता, कॅनच्या कडीत बोटं अडकवून. महिपती त्याच्याशी न बोलता पुढच्याचं दूध काट्यावर घेत होता. रंगुबाई आत शिरली तसं बोलणं थांबलं. आता पुन्हा काहीतरी ऐकायला मिळणार, म्हणून दोघा-तिघांच्या ओठांवर आधीच हसू आलं. ते हसू पाहून तिला उमगलं की तिनं ह्या जागेचं काय करून ठेवलं आहे. सत्तरी ओलांडल्यावर पहिल्यांदाच तिला परत फिरावंसं वाटलं.

ती हिंदुरावाच्या समोर जाऊन उभी राहिली आणि आवाज त्या रविवारी होता तेवढाच मोठा केला.

"हिंदुराव, वर बघा. ह्याच काट्याजवळ हुबं ऱ्हाऊन मी तुमाला बांधचोर म्हणले, आन ही सगळी हसली. काल मी माझ्या हातानं दगड पाडला. कोळसा तितंच हाय, तुमी आन मालकांनी पुरला तितं. तुमी बोटभर बांध खाल्लेला न्हाय. माझी नात म्हणती सूर्याचं वादळ व्हतं, मशीन चुकलं. ते खरं असंल, पर सूर्यानं मला कोळसा गिळाया सांगितलं न्हवतं. मला त्याच दिवशी आठवला व्हता, आन मी गप ऱ्हायले. म्हणून आता निकाल ऐका, महिपती तू बी ऐक: चोरी झाली ती ह्यांच्या नावाची, आन चोर मी हाय. कुंपणाची तार दगडाच्या एक हात अलीकडं, आमच्या रानातनं जाईल, माझ्या जिभेचा दंड म्हणून. न्हाय, टोपीला हात लावू नका, हिंदुराव. तुमचा बी एक गुन्हा हाय. चाळीस वरसं मी बोलत ऱ्हायले आन तुमी ऐकून घेतलं, उभा ऊस तोडला पर तोंड उघडलं न्हाय. आज मी ‘बरं’ ऐकायची न्हाय. आज तुमी ह्या सगळ्यांच्या देखत मला चार शिव्या घालायच्या, मोठ्यानं, आन मगच खिरीला यायचं. ही तुमची शिक्षा."